माळावर खड्डे घेण्याआधी

प्रति,
येत्या पावसाळ्यात माळरानावर झाडं लावायला निघालेल्या सर्व संस्था, ग्रामपंचायती, कंपन्या, शाळा-कॉलेजं आणि कार्यकर्ते यांना

विषय: लोणारच्या गाळातले पराग आणि आपले माळ

सप्रेम नमस्कार,

मृग जवळ आला की तुमची धावपळ सुरू होते. रोपवाटिकेतून पिशव्या आणायच्या, ट्रॅक्टर ठरवायचा, खड्डे मोजायचे, शेणखत टाकायचं, टँकरवाल्याला आधीच सांगून ठेवायचं. हे सगळं मी स्वतः बरीच वर्षं केलं आहे. एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही माझ्याकडे होतं. दर जुलैत साठ-सत्तर मुलं घेऊन आम्ही गावाबाहेरच्या माळावर जायचो. दिवसभरात पाचशे रोपं लावायचो आणि हाताला फोड आलेले असले तरी समाधानाने परतायचो. तेव्हा हे पत्र तुमच्यातल्याच एकीचं आहे असं समजून वाचा.

पाचव्या वर्षी एका मेंढपाळाने मला थांबवलं आणि आमच्या जुन्या खड्ड्यांच्या ओळीकडे नेलं. रोपं बरीचशी जळून गेली होती, पण तो दाखवत होता ते वेगळंच. खड्ड्याच्या काठाकडे बोट करून म्हणाला, "बाई, हितली कुसळी तुम्ही उपटली, ती परत आली न्हाई. गाजरगवत आलं. ते माझी मेंढरं खात न्हाईत." मी खाली बसून पाहिलं. प्रत्येक खड्ड्याभोवती हातभर रुंदीचं कडं, त्यात गाजरगवत आणि टाकळा. कड्याच्या बाहेर कुसळी, पवन्या, मारवेल ही माळाची गवतं, मध्येच तरवडाचं एखादं झुडूप. मी त्याला म्हणाले, "इथे पूर्वी जंगल होतं. माणसांनी तोडलं म्हणून माळ झाला. आपण ते जंगल परत आणतोय." वर्गातही मी हेच शिकवायचे. पुस्तकात तसं छापलेलं होतं आणि ते तपासून पाहावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

ते तपासता येतं. त्याचा पुरावा तळ्याच्या तळाशी चिखलात असतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हे काम शिकायची संधी मला मिळाली आणि तेव्हापासून त्या मेंढपाळाशी झालेलं बोलणं माझी पाठ सोडत नाही.

झाडं, झुडपं, गवतं दरवर्षी अमाप पराग सोडतात. त्यातले फार थोडे फुलापर्यंत पोचतात, बाकीचे वाऱ्याने उडून कुठेतरी पडतात. जे तळ्यात पडतात ते गाळाबरोबर तळाशी बसतात. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं आणि सजीवांनी तयार केलेल्या पदार्थांत त्याच्याइतका चिवट पदार्थ क्वचितच सापडेल. प्राणवायू नसलेल्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतं. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. तळ्यात तराफा नेऊन लांब नळी उभी ठोकली आणि गाळाचा अखंड दांडा बाहेर काढला की वरच्या टोकाला आजचं वर्ष असतं आणि खालच्या टोकाला कित्येक हजार वर्षांपूर्वीचं. मधल्या थरांतल्या पानांचे, काड्यांचे, बियांचे तुकडे कार्बन-१४ पद्धतीने तपासून वय ठरवतात.

त्या दांड्यातून ठरावीक अंतरावर चिमूटभर गाळ घ्यायचा. त्यात मोजून बीजाणू भरलेली एक गोळी टाकायची, म्हणजे शेवटी प्रमाण काढता येतं. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. चुनखडी असेल तर फसफसतं. मग कॉस्टिक पोटॅश घालून गरम करायचं. वर चहासारखं तपकिरी पाणी येतं, ते ओतून द्यायचं. वाळू विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते हाताळताना दोन हातमोजे घालूनही माझा जीव मुठीत असायचा, कारण ते कातडीतून थेट हाडापर्यंत जातं. शेवटी अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्ल, ९ भागांना १ भाग. एवढं सगळं सोसून नळीच्या तळाशी जो टाचणीच्या डोक्याएवढा गोळा उरतो, तो परागांचा. ग्लिसरीनचा थेंब, काचपट्टी, आणि चारशेपट मोठं करून पाहायचं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ काही मोजलंच नाही. गवताचा पराग गोल, गुळगुळीत, त्याला एकच भोक आणि भोकाभोवती कंगोरा. बाभळीच्या कुळातल्या झाडांचे कण एकटे फिरत नाहीत, साधारण सोळा जणांचा मिळून एक चेंडू असतो. माठ आणि चंदनबटव्याच्या जातीचा पराग सगळीकडून सारखी भोकं पाडलेल्या चेंडूसारखा. मध्येमध्ये काळे, कोनदार तुकडे दिसतात, ते कोळशाचे, म्हणजे कुठेतरी रान पेटलं होतं. शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणूही सापडतात आणि त्यावरून आसपास गुरं किंवा रानजनावरं किती होती याचा अंदाज येतो. एका काचपट्टीवर असे तीनशे तरी कण ओळखून मोजायचे, मग पुढची पट्टी. डोळ्यांची परीक्षा असते, पण एका बैठकीत एका शतकाचं शिवार समोर उभं राहतं.

गाळातल्या परागांची अशी मोजदाद करून थरागणिक आलेख काढायची पद्धत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली आजच्या ऑस्लोत एका परिषदेत मांडली. शेती आणि जंगलाच्या इतिहासाशी तिची खरी गाठ घातली ती डेन्मार्कच्या योहानेस इव्हरसन यांनी, १९४१ साली. डेन्मार्कच्या तळ्यांत आणि दलदलींत एका विशिष्ट थरात मोठ्या झाडांचे पराग एकाएकी घटतात. त्याच थरात कोळसा येतो, गवत वाढतं, धान्याचे पराग दिसू लागतात आणि आपल्या इसबगोलाच्या गोतातलं, पायवाटांवर आणि चराऊ रानात उगवणारं एक तण वाढतं. मग बर्च आणि हेझल ही झाडं येतात आणि पुन्हा दाट रान. इव्हरसन यांनी त्याचा अर्थ लावला: सुमारे ६ हजार वर्षांपूर्वी पहिले शेतकरी आले, त्यांनी जंगल तोडलं, जाळलं, पेरलं, गुरं चारली आणि जमीन थकल्यावर ते पुढे गेले. त्यांनी हे नुसतं लिहून सोडलं नाही. १९५०च्या दशकात संग्रहालयातल्या खऱ्या गारगोटीच्या कुऱ्हाडींना दांडे बसवून त्यांनी सहकाऱ्यांसह द्राव्हेडच्या जंगलात झाडं तोडली, जागा जाळली, धान्य पेरलं आणि तिथे पुढे काय उगवतं याची नोंद ठेवली. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

युरोपच्या मोठ्या भागात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडली: आधी जंगल, मग कुऱ्हाड, मग उघडं रान. युरोपात शिकलेल्या वनाधिकाऱ्यांनी तर या शोधाच्या कितीतरी आधीपासून हेच गृहीत धरलं होतं. १८६४ साली आपल्याकडे वनखातं उभं राहिलं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस जर्मनीतले होते. ज्या जमिनीवर लाकूड नाही आणि पीकही नाही ती पडीक, आणि गवताळ माळ म्हणजे बिघडलेलं जंगल, हा हिशेब तेव्हापासून सरकारी कागदांत बसला. माझ्या वर्गातल्या पुस्तकापर्यंत तो तसाच चालत आला. डेन्मार्कमध्ये ते गाळाने सिद्ध केलं. आपल्याकडे गाळाला विचारलंच नव्हतं.

आता लोणारकडे येते. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी फोटो पाहिले असतील. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. बेसाल्टच्या काळ्या खडकात उल्कापाताने पडलेलं हे सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर आहे. पाणी आत येतं पण बाहेर जायला वाट नाही. म्हणून पाणी खारं आणि सोड्याचं, आणि तळाशी प्राणवायू नाही. गाळाचं पुस्तक जपून ठेवायला याहून चांगली जागा अख्ख्या दख्खनमध्ये मिळणं कठीण. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या भूविज्ञान केंद्रातल्या सुषमा प्रसाद आणि त्यांच्याबरोबरचे जर्मन व भारतीय संशोधक, त्यात नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतलेही, यांनी तिथून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढला. त्यात साधारण ११ हजार वर्षं मावतात. म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. आपण नखाने खरवडतो तेवढ्यात एखाद-दुसरं वर्ष येतं आणि जातं.

त्या गाळात काही थरांत गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक आहेत. तळं आटून पाणी फार घट्ट झालं की ते तयार होतात. ते आणि इतर खुणा धरून दोन मोठे कोरडे काळ निघाले: एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. ही नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०२१ साली निल्स रीडेल, प्राचीन शेतीचे अभ्यासक डोरियन फुलर, सुषमा प्रसाद आणि इतरांनी याच गाळावरून थेट आपल्या प्रश्नाला हात घातला: दख्खनचे माळ माणसाने केले की निसर्गाने? त्यांच्याकडे वनस्पतींची नोंद होती, पावसाची होती आणि आगीचीही होती. उत्तर असं आलं की सुमारे ६ हजार वर्षांपूर्वीपासून मोसमी पाऊस दुबळा होत गेला आणि त्याबरोबर झाडी मागे हटून गवत व विरळ झाडांचं रान पसरलं. वणव्यांत तसा बदल नाही. माणसाच्या हस्तक्षेपाने तो घडला असंही दिसत नाही. उलट त्यांचं म्हणणं असं की आधी माळ पसरला, आणि त्यामुळेच शेती आणि स्थिर वस्तीला इथे वाट मिळाली.

हे वाचल्यावर मी दायमाबाद आणि इनामगावचे जुने अहवाल पुन्हा काढून बसले. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या शेतकरी वस्त्यांपैकी एक म्हणजे प्रवरेकाठचं दायमाबाद, तिथली सुरुवात इ.स.पूर्व २२०० च्या आसपासची. म्हणजे गवत पसरायला लागलं त्यानंतर जवळपास दीड-दोन हजार वर्षांनी. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात जोर्वे नावाच्या ताम्रपाषाण संस्कृतीच्या काळातली मोठी घरं, धान्याच्या कणग्या, जव यांचे पुरावे मिळाले. पुढच्या काळात, इ.स.पूर्व १००० नंतर, घरं लहान गोल झोपड्यांची झाली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांवर जास्त विसंबू लागले. आपल्या धनगरवाड्यांची, वाटेवरच्या मेंढरांच्या बसण्याची मुळं कुठवर जातात ते यात दिसतं. पाऊस हटला, माळ आला, आणि माणसाने माळावर जगायची रीत शोधली. इथे माळ पसरू लागला साधारण त्याच सुमाराला डेन्मार्कमध्ये कुऱ्हाडीने रान उघडलं. इथे ढगांनी उघडलं.

जुन्या मराठी साहित्यातले आणि दंतकथांतले झाडा-गवतांचे उल्लेख गोळा करून महाराष्ट्राच्या माळांचा इतिहास पाहणारा अभ्यासही अलीकडे झाला आहे. त्यातही काटेरी झाडं आणि गवताळ रानंच जास्त भेटतात. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या कोणाला त्याचं आश्चर्य वाटणार नाही.

परागांना काय सांगता येत नाही, तेही सांगणं माझं कर्तव्य आहे. सगळ्या गवतांचे पराग एकसारखे. कुसळी आणि पवन्या त्यावरून वेगळे काढता येत नाहीत. ऐन, अर्जुन आणि धावडा एकाच खात्यात मोजावे लागतात. सागाचं रान असलं तरी सागाचे पराग गाळात फार कमी भेटतात, म्हणून संशोधक आधी आजच्या ओळखीच्या रानांतली माती तपासून कोणतं झाड किती बोलतं हे ठरवतात. लोणार परिसरातही ते केलं गेलं. घाई केली तर चूक होते. राजस्थानात सांभर, डिडवाना, लूणकरणसर या खाऱ्या सरोवरांवर गुरदीप सिंग यांनी १९७०च्या दशकात मोलाचं काम केलं. फार खालच्या थरांत त्यांना मोठ्या आकाराचे गवत-पराग आणि कोळसा मिळाला तेव्हा तिथे शेती खूप आधी सुरू झाली असावी असं त्यांना वाटलं. पण रानगवतांचेही काही पराग धान्याएवढे मोठे असतात, म्हणून तो निष्कर्ष टिकला नाही. हडप्पा संस्कृतीचा बहरही त्यांनी तिथल्या पावसाळी काळाशी जोडला होता, पण लूणकरणसर ती संस्कृती बहरण्याच्या सुमारे हजार वर्षं आधीच आटलं होतं, हे १९९९ साली स्पष्ट झालं. हे शास्त्र स्वतःला दुरुस्त करत चालतं, म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास आहे.

आणि लोणार म्हणजे सगळा महाराष्ट्र नाही, हेही खरं. सह्याद्रीच्या घाटात, कोकणात, मेळघाटात, गडचिरोलीत जिथे जंगल होतं आणि तुटलं, तिथे ते परत आणायला माझा दोन्ही हातांनी पाठिंबा आहे. देवराईच्या कडेला जांभूळ, हिरडा, अंजनी लावणाऱ्यांना मी कधीच थांबवणार नाही. मी बोलतेय ते पर्जन्यछायेतल्या माळांबद्दल: पुरंदर, बारामती, दौंड, कर्जत, करमाळा, माण, खटाव, सोलापूर, बीड, आणि तसेच पुढे. तिथे काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तणमोर, धाविक, चंडोल गवताच्या भरवशावर जगतात. नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य केलं. माळढोकाला उघडा माळ लागतो, त्यावर उंच झाडांच्या रांगा आल्या की तो जागा सोडतो.

तरी वृक्षारोपणाचा हिशेब रोपांच्या आकड्यांतच होत राहिला. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. एवढी रोपं लावायला मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर माळ येतो. जेसीबी येतो, सलग समतल चर खोदले जातात आणि हजारो वर्षांची गवताची चटई एका दुपारी उलटीपालटी होते. दक्षिणेतल्या निलगिरी पर्वतात उंचावरच्या गवताळ टेकड्यांवर हे आधीच होऊन गेलं आहे. तिथे वॅटल (ऑस्ट्रेलियातली बाभूळ) आणि निलगिरीची झाडं लावली गेली, आणि मग १९९३ साली रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दलदलीतल्या मातीवरून दाखवलं की गवत तिथे हिमयुगापासून आहे. आता ती लागवड काढून गवत परत आणायचे प्रयत्न चालू आहेत आणि ते फार जड जातंय. आपल्याकडे तेवढी वेळ येऊ नये.

माझ्या विनंत्या अशा आहेत.

जागा पक्की करण्याआधी ऑक्टोबरात एकदा तिथे जा आणि खाली बसा. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी गवत यांची घट्ट चटई दिसली, मध्ये विखुरलेले हिवर, बोर, खैर, तरवड दिसले, तर तो माळ भरलेला आहे असं समजा. त्यावर खड्डा घेऊ नका. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी तर अजिबात नको. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला भरपूर जागा आहे. माळासाठी मनुष्यबळ द्यायचंच असेल तर गाजरगवत आणि सुबाभूळ उपटायला द्या, मुरूम चोरणाऱ्या डंपरना अडवायला द्या, आणि दरवर्षी तिथे मेंढरं आणणाऱ्यांशी बसून चराईच्या पाळ्या ठरवायला द्या. त्यांना कुंपणाबाहेर काढू नका. कार्बनचा हिशेब हवा असेल तर या गवतांच्या मुळांखाली आणि मातीत तो साठलेला आहे. खड्डे घेतल्याने तो मोकळा होतो.

आणखी एक. बऱ्याच गावांत जुन्या तलावांतून गाळ काढून शेतात टाकायचं काम चालू आहे. चांगलं काम आहे, शेतकऱ्याला त्याचा फायदा होतो. पण शंभर-दोनशे वर्षांच्या तलावाच्या तळाशी तुमच्याच शिवाराचा इतिहास आहे: गवत किती होतं, रान कधी पेटलं, आमराई कधी तुटली, गुरं कधी वाढली. पोकलेन लावण्याआधी तलावाच्या सगळ्यात खोल भागात दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढा एक कोपरा तसाच राहू द्या आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र किंवा भूगोल विभागाला कळवा. लखनौला बिरबल साहनींनी १९४६ साली सुरू केलेली संस्था आजही हेच काम करते. आपल्याकडची मुलं तिथे शिकून येऊ शकतात. प्लास्टिकचा पाइप ठोकून काढलेला मीटरभर गाळ, दोन्ही टोकं बंद करून, वर-खाली कोणतं ते मार्करने लिहून, थंड जागी ठेवला तरी सुरुवात होते.

मी तो जुना माळ दरवर्षी पाहायला जाते. आमच्या पाचशे रोपांपैकी तीस-चाळीस झाडं उभी आहेत. मागच्या दिवाळीत त्यांच्यापासून दूर, जिथे आम्ही कधी कुदळ लावली नव्हती तिथे, कुसळी गुडघाभर वाढली होती आणि तुरे तांबूस झाले होते. तिथे आता एका कंपनीच्या नावाचा फलक लागला आहे आणि चुन्याने खड्ड्यांच्या खुणा केल्या आहेत. ते काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायचं आहे. त्या मंडळींपर्यंत हे पत्र त्याआधी पोचवायला कोणी मदत केली तर मी आभारी राहीन. त्यांच्याबरोबर माळ फिरून गवतं दाखवायला मी कधीही येईन.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका